इशारा आणि अफवा: वर्गात फरक कसा दाखवायचा

‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं मुलांना सांगून फारसं काही होत नाही. अफवा कधी अफवा म्हणून येतच नाही. ती काळजीच्या सुरात, बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून, इशारा बनून येते.

फळ्यावर दोन निरोप लिहा. ‘नदीचं पाणी वाढतंय, आज रात्री पुलावरून जाऊ नका – तहसीलदार.’ आणि ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय, सगळ्यांना पाठवा.’ दोन्हींत भीती आहे. मुलं आधी तेच पकडतील, पकडू द्या. मग विचारा, खात्री कोणाकडे करायची? पहिल्यात जागा आहे, वेळ आहे, चुकलं तर जाब विचारायला माणूस आहे. शिवाय तो फक्त आपण काय करायचं ते सांगतो. दुसऱ्यात टोळी कुठली, मूल कोणाचं गेलं, काहीच नाही. ती रिकामी जागा ऐकणारा आपल्या मनातल्या चेहऱ्याने भरतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागत आलेले पाच जण मुलं पळवणारे ठरले आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. त्या काळात मूल पळवल्याचा पुरावा म्हणून देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला.

‘पण हेच का सापडले?’ हा प्रश्न वर्गातून आला तर घाईने पुढे जाऊ नका, तास तिथेच खर्च करा. १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या कोणाकडेही संशयाने पाहायची सवय राहिली. निरोपात कोणाचं नाव नसलं तरी बोट कुठे वळणार हे आधीच ठरलेलं होतं.

व्हॉट्सअॅपने त्याच जुलैत भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. वेग कमी झाला असेल. रिकामी जागा भरायचं काम माणसंच करतात.

शेवटी मुलांना दुसरा निरोप पहिल्यासारखा लिहायला सांगा: कोण, कुठे, कधी, कोणाला कळवायचं. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर सोडून लिहिण्यासारखं काही सापडतं का, ते त्यांनाच पाहू द्या.