टीव्हीएस डायोड: भाग लहान, पण जागा नेमकी हवी

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ‘कार्ड उडालं’ हे शब्द ज्याने ऐकले नाहीत, असा मेंटेनन्सचा माणूस सापडणे कठीण आहे. मशीन थांबते, पॅनेल उघडले जाते, पीएलसीचे (मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाचे) एखादे आउटपुट कार्ड निकामी झालेले आढळते आणि दोष बहुधा बाहेरून आलेल्या ‘लाइट’ला दिला जातो. पुष्कळदा मात्र तो घातक झटका त्याच पॅनेलमध्ये तयार झालेला असतो. असे झटके अडवणारा छोटा भाग म्हणजे टीव्हीएस डायोड.

२४ व्होल्टवर चालणारा साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारी झडप घ्या. त्याच्या कॉइलमधून प्रवाह वाहत असतो तेव्हा तिच्या चुंबकीय क्षेत्रात थोडी ऊर्जा साठलेली असते. आउटपुटचा ट्रान्झिस्टर बंद झाला, तरी कॉइलमधला प्रवाह एकाएकी शून्य होऊ शकत नाही. तो वाहता ठेवण्यासाठी कॉइल आपल्या टोकांवर लागेल तेवढे व्होल्टेज उभे करते आणि अडवणारे काही नसेल, तर ते बघता बघता काही शे व्होल्टपर्यंत चढते. पन्नास-साठ व्होल्ट सहन करू शकणाऱ्या ट्रान्झिस्टरचा त्यात निभाव लागत नाही.

झटके इतर वाटांनीही येतात. मे अखेरच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीवर वीज पडावीच लागते असे नाही. ती काही अंतरावर कोसळली, तरी फाटकापासून इमारतीपर्यंत गेलेल्या सीसीटीव्हीच्या लांब केबलमध्ये तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे व्होल्टेज निर्माण होते आणि कॅमेऱ्याचे किंवा डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) पोर्ट जळते. वातानुकूलित, कोरड्या हवेच्या खोलीत माणसाच्या अंगावर साठणारी स्थिर विद्युतही अशीच धोक्याची असते. तिच्या प्रमाणित चाचणीत ८ किलोव्होल्टचा स्पर्श-झटका दिला जातो आणि त्यातील प्रवाह एका नॅनोसेकंदाच्या आत ३० अँपिअरपर्यंत पोहोचतो. फ्यूज वितळायला किंवा एमसीबी पडायला जो वेळ लागतो, त्यापुढे हा काळ नगण्य आहे. म्हणूनच फ्यूज आहे म्हणून आतली चिप सुरक्षित आहे, हा समज चुकीचा ठरतो.

येथे कामाला येतो तो ट्रान्झियंट व्होल्टेज सप्रेसर, म्हणजेच टीव्हीएस डायोड. तो सिलिकॉनचे मोठ्या क्षेत्रफळाचे पी-एन जंक्शन (दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा) असतो आणि ज्याचे रक्षण करायचे त्या सर्किटला समांतर, उलट्या दिशेने जोडला जातो. नेहमीच्या व्होल्टेजला तो जवळपास काहीच प्रवाह जाऊ देत नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीपुढे गेले, की जंक्शनमधले तीव्र विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनना इतका वेग देते की ते स्फटिकातील अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात, आणि ते पुढे आणखी. या साखळीमुळे डायोड अत्यंत जलद वाहक बनतो आणि झटक्याचा प्रवाह स्वतःतून जमिनीकडे वळवतो. धरणाच्या सांडव्याप्रमाणे पातळी उतरताच तो आपोआप थांबतो. काही बदलावे किंवा रीसेट करावे लागत नाही.

डायोड निवडताना मात्र नावातल्या आकड्यावर विसंबू नये. एसएमबीजे२४ए हा बाजारात सहज मिळणारा भाग पाहा. २४ व्होल्टपर्यंत तो स्वस्थ असतो, २६.७ ते २९.५ व्होल्टच्या दरम्यान वाहू लागतो, आणि १५.४ अँपिअरचा झटका पचवताना त्याच्या टोकांवर ३८.९ व्होल्टपर्यंत व्होल्टेज उभे राहू शकते. मागच्या चिपला दिसते ते हे शेवटचे, म्हणजेच क्लॅम्पिंग व्होल्टेज. तिची कमाल मर्यादा ३६ व्होल्ट असेल, तर डायोड अगदी सांगितल्याप्रमाणे वागेल आणि चिप तरीही जळेल. डेटाशीटमधला (उत्पादकाच्या माहितीपत्रकातला) क्लॅम्पिंग व्होल्टेजचा रकाना न पाहता केलेली खरेदी माझ्या मते खरेदीच नव्हे.

तरीही योग्य डायोड चुकीच्या जागी बसवण्याने जेवढे नुकसान होते, तेवढे चुकीच्या निवडीनेही होत नसावे. सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला स्वतःची प्रेरकता (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असते, साधारणपणे दर सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री. एरवी ती कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एका नॅनोसेकंदात ३० अँपिअर वाढणारा प्रवाह या एका सेंटिमीटरमधून जातो, तेव्हा तिच्या दोन टोकांत ३०० व्होल्टचा फरक पडतो. डायोड मुख्य पट्टीपासून सेंटिमीटरभराच्या फांदीवर बसवला असेल, तर हे ३०० व्होल्ट त्याच्या क्लॅम्पिंग व्होल्टेजमध्ये मिळवले जातात आणि ती बेरीज थेट चिपवर येते. म्हणून टीव्हीएस कनेक्टरच्या अगदी तोंडाशी हवा, पट्टी त्याच्या पॅडवरूनच पुढे चिपकडे गेली पाहिजे, आणि ग्राउंडकडे जाणारी वाट शक्य तितकी आखूड व रुंद असावी. सोलेनॉइडच्या बाबतीतही तो शक्यतो कॉइलच्या टोकांवरच लावावा. तेथे साधा डायोडही चालतो, पण त्यामुळे कॉइलमधला प्रवाह हळू ओसरतो आणि व्हॉल्व्ह उशिरा सुटतो. दोन्ही दिशांनी चालणारा टीव्हीएस जास्त व्होल्टेज उभे राहू देत असल्याने तो प्रवाह लवकर संपतो. वेगवान पॅकिंग मशीनवर हा फरक लगेच जाणवतो.

या भागाची मर्यादाही स्पष्ट आहे. वर सांगितलेल्या डायोडची ६०० वॉटची क्षमता सुमारे एक मिलिसेकंदात अर्ध्यावर येणाऱ्या झटक्यासाठी आहे. त्यात त्याने शोषलेली ऊर्जा एक ज्यूलही भरत नाही. सतत तो जेमतेम ५ वॉट सहन करू शकतो. इमारतीच्या थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल तुटला, की एखाद्या घरातले २३० व्होल्ट चढत चढत ४०० च्या जवळ जाऊ शकतात आणि कित्येक सेकंद तसेच राहतात. त्यापुढे टीव्हीएस हतबल असतो. त्यासाठी पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिले लागतो. आकाशातल्या विजेच्या मोठ्या प्रवाहासाठी मुख्य पॅनेलमध्ये झिंक ऑक्साइडचे व्हॅरिस्टर किंवा गॅस डिस्चार्ज ट्यूब, हे जास्त प्रवाह पेलणारे झटकारोधक भाग, आधी हवेत, आणि त्यातून उरलेला झटका टीव्हीएसने आवरावा.

अति ताण आल्यावर टीव्हीएस बहुधा शॉर्ट होतो, आणि त्याच्या आधी फ्यूज असेल तर तो उडून सर्किट बंद पडते. दुरुस्तीच्या टेबलावर हे लगेच कळते: २४ व्होल्टच्या इनपुटवर मल्टिमीटर बीप देतो, तो काळा चौकोनी तुकडा सोल्डरिंग गनने उचलला की बीप थांबते. फ्यूज बदलल्यावर कार्ड चालूही होते, आणि पुष्कळ ठिकाणी काम तेथेच संपते. हे पाहून वाईट वाटते, कारण त्या डायोडने जे करायचे तेच केलेले असते आणि आता त्या जागी काहीच उरलेले नसते. नवा तुकडा लावताना स्टँड-ऑफ व्होल्टेज (ज्या व्होल्टेजपर्यंत डायोड स्वस्थ असतो ते) आणि वॉट तेच घ्यावेत. नावाच्या शेवटी ‘सीए’ असेल, तर तो दोन्ही दिशांनी चालतो आणि कसाही बसवता येतो. नुसता ‘ए’ असेल, तर त्यावरचा पट्टा पॉझिटिव्हकडे हवा. उलटा बसला तर तो साध्या डायोडसारखा एका व्होल्टच्या आसपासच वाहू लागतो आणि पुरवठा देताच नवा फ्यूजही जातो.