सुई टोचल्यानंतरचे २८ दिवस

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की अंबाजोगाईचं, 'सिस्टर, प्रिक झाला', म्हणजे रुग्णाला वापरलेली सुई टोचली, म्हटलं की पुढची धावपळ ठरलेली. जखम साबण-पाण्यानं धुवायची, बोट पिळायचं नाही, ज्याचं रक्त त्याची तपासणी करायची आणि एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या २८ दिवसांच्या कोर्सची पहिली गोळी शक्यतो २ तासांत घ्यायची. ७२ तास उलटले की गोळी सुरू करण्यात अर्थ उरत नाही. ही रीत बसायला बरीच वर्षं गेली.

सुई टोचून एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद १९८४ची, इंग्लंडमधल्या एका परिचारिकेची. दोन वर्षांनी चेन्नईत भारतातले पहिले बाधित सापडले. १९८७ मध्ये अमेरिकेतून सूचना आल्या: प्रत्येकाचं रक्त बाधित समजा, वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचं औषध त्याच वर्षी बाजारात आलं आणि डॉक्टर ते अंदाजानं देऊ लागले. रीतसर चाचणीचा प्रयत्न झाला, पण पुरेशी माणसंच मिळेनात म्हणून तो सोडावा लागला. मिळणार तरी कशी? बाधित सुई टोचलेल्या हजारांत जेमतेम तिघांना लागण होते. (हिपॅटायटिस बीचा धोका याच्या शंभरपटीपर्यंत जातो आणि त्यावर लस आहे, तरी घाबरतात ते एचआयव्हीलाच.)

शेवटी उत्तर मागे वळून मिळालं. लागण झालेले ३३ आणि न झालेले ६६५ आरोग्य कर्मचारी यांची तुलना १९९७ मध्ये छापून आली. झिडोव्हुडिन घेणाऱ्यांत लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल तर धोका वाढतो, हेही त्यातूनच कळलं. २८ दिवसांचा आकडा माकडांवरच्या प्रयोगांनी पक्का केला: औषध ३ किंवा १० दिवसांत थांबवलं तेव्हा काही माकडांना लागण झालीच. पुरावा तुटपुंजाच, पण याहून चांगला मिळण्याजोगा नव्हता.

आपल्याकडे आधी दोन-तीन औषधं द्यायचे, मळमळीनं लोक कोर्स अर्धवट सोडायचे. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत, दिवसातून एकदा.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं हे औषध देणं संस्थेवर बंधनकारक केलं. त्यात डॉक्टर-नर्स असा भेद नाही; कामावर ज्यांना धोका आहे ते सगळे येतात. म्हणजे कचऱ्याची पिशवी उचलताना जिच्या हाताला सुई लागते, ती वॉर्डातली मावशीसुद्धा.