जुना बॅकअप उघडत का नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारे कितीतरी संगणक एकदम म्हातारे ठरले. असा संगणक मोडीत काढण्याआधी त्यातला डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवायचा असतो. त्याहीआधीच्या संगणकावरून कधीतरी घेऊन ठेवलेला बॅकअपही असतो. गाडी अडते ती या दुसऱ्या ठिकाणी. फाइल दिसते, साइजही भरपूर दिसते, पण डबल-क्लिक केलं की विंडोज विचारतं, ही कशाने उघडू?

बॅकअप म्हणजे फायलींची जशीच्या तशी प्रत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बरीच वर्षं बॅकअप म्हणजे एका ठरावीक प्रोग्रामने बांधलेलं गाठोडं असायचं आणि ते सोडायचं कसं, हे त्याच प्रोग्रामला ठाऊक असायचं. ही पद्धत पडली जागेच्या टंचाईमुळे. मार्च १९८३मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. सोबतच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोर’ अशा दोन कमांड होत्या. फ्लॉपी ३६० केबीची, म्हणजे भरलेली डिस्क उतरवायला तिसेक फ्लॉप्या, त्याही क्रमांक टाकून. मोठी फाइल एका फ्लॉपीत मावत नसे, म्हणून ती तोडून पुढच्या फ्लॉपीवर न्यावी लागे. तोडलेली फाइल साध्या कॉपीने जोडता येत नाही, त्यासाठी ‘रिस्टोर’च हवी.

१९९३मध्ये डॉस ६ आलं, त्यात ‘एमएसबॅकअप’ हा नवा प्रोग्राम आणि नवा फॉरमॅट होता. जुने बॅकअप वाचता यावेत म्हणून ‘रिस्टोर’ कमांड तेवढी ठेवली. पुढे हाच रिवाज झाला: नवं साधन आणायचं, जुनं काही काळ फक्त वाचण्यापुरतं ठेवायचं, मग तेही गुपचूप काढून टाकायचं.

विंडोज ९५ आणि ९८चे क्यूआयसी फॉरमॅटमधले बॅकअप आता क्वचितच सापडतात. खरी डोकेदुखी त्यांच्यानंतरच्या बीकेएफ फायलींची, म्हणजे एनटी-बॅकअपने बांधलेल्या गाठोड्यांची. एनटी-बॅकअप हा विंडोजचा प्रोग्राम मुळात टेपसाठी होता. विंडोज २०००पासून तो टेपऐवजी साध्या फाइलमध्येही बॅकअप घेऊ लागला आणि विंडोज एक्सपीच्या काळात कित्येक ऑफिसांत तोच वापरात होता. अख्खं ‘माय डॉक्युमेंट्स’ एका बीकेएफ फाइलमध्ये. मग विंडोज व्हिस्टा आलं आणि एनटी-बॅकअप काढून टाकलं गेलं. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने फक्त रिस्टोर करणारं एक वेगळं साधन दिलं, पुढे विंडोज ७साठीही दिलं, त्यानंतर नाही. त्यामुळे आज बीकेएफ हाती आली तर सर्वांत सरळ वाट म्हणजे एखादं जुनं एक्सपी मशीन किंवा व्हर्च्युअल मशीनमधलं (नव्या संगणकातच प्रोग्रामने उभ्या केलेल्या संगणकातलं) एक्सपी, तिथे ती उघडायची आणि सुट्या झालेल्या फायली बाहेर आणायच्या.

विंडोज ७चा बॅकअप त्या मानाने गरीब स्वभावाचा. डिस्कवर जुन्या संगणकाच्या नावाचं फोल्डर, त्यात तारखेचा ‘बॅकअप सेट’, त्यात ‘बॅकअप फाइल्स’ आणि तिथे साधारण २०० एमबीच्या झिप फायलींची रांग. झिप असल्यामुळे कुठेही उघडते, पण एकेक उघडून बसलात तर दिवस जाईल आणि मोठे व्हिडिओ दोन-तीन झिपांत विभागलेले सापडतील. त्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ हे कलम आजही शिल्लक आहे, त्याचा उपयोग करावा. हे साधन ८.१मधून गायब झालं होतं, १०मध्ये परत आलं. तिथे दुसरा बॅकअप निवडायचा पर्याय घ्यायचा, जागा विचारली की ‘मूळ जागी’ न ठेवता एक्स्टर्नल डिस्कवरचं फोल्डर द्यायचं आणि मूळ सबफोल्डर राखायच्या चौकटीत टिक करायची. ती टिक करायची राहून गेली तर सगळ्या वर्षांचे फोटो आणि बिलं एकाच फोल्डरमध्ये येऊन पडतात. गाठोडं आणि सुटलेल्या फायली एकाच डिस्कवर ठेवायच्या तर जागा जवळजवळ दुप्पट लागते. फोटो आधीच दाबलेले असतात, झिपने ते फारसे लहान झालेले नसतात.

विंडोज ८ने २०१२मध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणली आणि गाठोडं बांधणंच सोडलं. प्रत्येक फाइलची सरळ प्रत आणि नावापुढे कंसात तारीख-वेळ. दिसायला ओंगळ, पण कुठल्याही संगणकावर उघडते. माझ्या मते ही सुबुद्धी दहा वर्षं उशिरा सुचली.

अर्थात साधी प्रतही विनाअडथळा उतरत नाही. बाजारात मिळणाऱ्या कित्येक पेन ड्राइव्ह आणि जुन्या पोर्टेबल डिस्क एफएटी-३२ या फाइल मांडण्याच्या पद्धतीत फॉरमॅट केलेल्या असत. ही पद्धत १९९६ची, तिच्यात ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, डिस्क रिकामी असली तरी. लग्नाची चित्रफीत नेमकी तिथेच अडकते. त्याऐवजी एनटीएफएस किंवा २००६चं एक्स-एफएटी घेतलं की हा प्रश्न मिटतो. जुन्या संगणकाची हार्ड डिस्कच काढून केसिंगमध्ये घालून लावली, तर वेगळाच निरोप येतो: हे फोल्डर उघडायची परवानगी नाही. एनटीएफएसवर मालकी नावाने नव्हे, जुन्या विंडोजने दिलेल्या ओळख क्रमांकाने नोंदलेली असते. नव्या संगणकावर तुमचं नाव तेच असलं तरी क्रमांक वेगळा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मालकी घेतली की बहुतेक वेळा काम होतं. मात्र फायली विंडोजच्या ईएफएस या सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेल्या असतील आणि तेव्हाचं सर्टिफिकेट (म्हणजे किल्ली) जपलं नसेल, तर मालकी घेऊनही काही हाती लागत नाही.

मराठी मंडळींच्या वाट्याला याच्यापुढचा एक अडथळा येतो. विंडोज २०००मध्ये ‘मंगल’ फॉन्ट आणि युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी आली, पण छापखाने, दिवाळी अंक, शाळा, पतसंस्था यांचं काम पुढे कित्येक वर्षं शिवाजी, कृतिदेव, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम यांवरच चाललं. या फॉन्टांत मजकूर खरं तर रोमन अक्षरांच्या जागी साठवला जाई, देवनागरी दिसे ती फॉन्टच्या कृपेने. हे फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये राहत आणि बॅकअप घेतला जाई तो डॉक्युमेंट्सचा. फाइल सुखरूप परत येते, नावही वाचता येतं (नावं तेव्हा रोमनमध्येच द्यावी लागत), आत मात्र नुसत्या इंग्रजी चिन्हांचा कचरा. म्हणून जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर फायलींसोबत तिथलं फॉन्टचं फोल्डरही एक्स्टर्नल डिस्कवर घ्यावं.

फॉन्ट बसवला की कागद पूर्वीसारखा दिसतो. पण त्यात शोध घ्यायचा, तो मेलने पाठवायचा, तर युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्याने कन्व्हर्टरला नेमका फॉन्ट सांगावा लागतो. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतील त्या क्रमाने साठत: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘निर्मिती’सारख्या शब्दात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. रूपांतर झालेल्या मजकुरात आधी असेच शब्द तपासावेत, चूक बहुधा तिथेच सापडते.