आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग : कुठली पद्धत किती परवडते

मोठ्या आतड्याचा कॅन्सर त्रास सुरू व्हायच्या आधीच शोधायचा, नाहीतर त्याच्याही आधी नुसता पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला छोटा कोंब) असतानाच काढून टाकायचा, याला स्क्रीनिंग म्हणतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं जातात म्हणून हे जमतं. पण तपासण्या तीन-चार प्रकारच्या आहेत आणि किट स्वस्त म्हणजे स्क्रीनिंग स्वस्त असं अजिबात नसतं, हिशोब शेवटपर्यंत लावावा लागतो. हा हिशोब 'क्वाली'मध्ये करतात, म्हणजे धडधाकट आयुष्याचं एक वर्ष मिळवायला किती पैसे पडले. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड ठीक धरले जायचे आणि आतड्याचं स्क्रीनिंग त्यात आरामात बसतं, कारण पसरलेल्या कॅन्सरची औषधं भयंकर महाग आहेत.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं गणित १९७५ चं. तेव्हा अमेरिकेत शौचातलं रक्त शोधायची ग्वायक टेस्ट लागोपाठ सहा वेळा करायला सांगायचे. सरासरीने एक केस सापडायला सुमारे २,४५१ डॉलर, ऐकायला बरं वाटतं, पण फक्त सहाव्या टेस्टमुळे जी एक जास्तीची केस सापडते तिची किंमत निघाली ४ कोटी ७० लाख डॉलर! सरासरी बघून खूश व्हायचं नाही, पुढच्या रुपयाने काय मिळालं ते बघायचं, हे त्यावरून लोकांना कळलं.

आता ग्वायकची जागा फिट नावाच्या टेस्टने घेतलीय, तीही शौचातलं रक्तच शोधते. ती फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडते, पथ्य नाही, झाकणाला काडी असलेली छोटी बाटली, काडी शौचाला चार ठिकाणी लावायची आणि परत बंद. २०१४ च्या अमेरिकन अभ्यासात एका फिटने ७४ टक्के कॅन्सर पकडले आणि शौचातलं रक्त आणि कॅन्सरचा डीएनए दोन्ही बघणाऱ्या डीएनए टेस्टने ९२, पण डीएनए टेस्टला सुमारे ५०० डॉलर लागतात आणि तिच्यात खोटे पॉझिटिव्हही जास्त, म्हणून बऱ्याच हिशोबांत फिटच पुढे राहते, ती दर एक-दोन वर्षांनी करायची असली तरी. सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याचा फक्त खालचा भाग बघणं, ५५ ते ६४ वयात एकदाच केली तर बोलावलेल्यांमधले या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले (ब्रिटन, २०१०), तरी इंग्लंडमध्ये ती बंद करून फिटच ठेवली.

कोलोनोस्कोपी, म्हणजे तशाच नळीने पूर्ण मोठं आतडं बघणं, एकदम पक्की, पण लोक आले तर. २०२२ च्या पोलंड, नॉर्वे, स्वीडनच्या ट्रायलमध्ये बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले आणि दहा वर्षांत कॅन्सरचा धोका १८ टक्के घटला. आदल्या दिवशी पावडर पाण्यात घालून लिटरच्या लिटर प्यायची आणि मग संडासच्या फेऱ्या, त्यात चाळीतला कॉमन संडास आणि रोजंदारीचा दिवस बुडणार, हे कुठल्याच बिलात दिसत नाही पण तेच भारी पडतं.

मुंबईचं गणित वेगळं आहे. इथे हा कॅन्सर पाश्चात्य देशांपेक्षा बराच कमी, त्यामुळे सरसकट सगळ्यांना तपासलं तर एक केस सापडायला खूप टेस्ट लागतात आणि मूळव्याधीच्या रक्तानेही फिट पॉझिटिव्ह येऊ शकते. सरकारी तपासणीत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे, आतडं नाही, आणि सध्या तरी ते बरोबरच वाटतं. टाटा मेमोरिअलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्यसेविकांकडून व्हिनेगर टेस्ट करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले, तेवढा मोबदला आतड्यात इतक्या स्वस्तात मिळणं कठीण.

तरी उद्या सुरू करायचंच ठरलं तर फिटच. समजा १००० जणांची फिट केली आणि ५० पॉझिटिव्ह आल्या तर ५० कोलोनोस्कोपी, सरळ कोलोनोस्कोपीच करायची तर १०००, आणि केईएम किंवा सायनची ओपीडीची लाईन ज्याने पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको. मात्र पॉझिटिव्ह आलेल्यांना तारीखच मिळाली नाही तर फिटचे पैसेही पाण्यात. शिवाय उन्हाळ्यात बाटली गरम जागी पडून राहिली की हिमोग्लोबिन खराब होतं आणि टेस्ट उगाच निगेटिव्ह येते, तेव्हा लॅबपर्यंत लवकर पोचवायचा खर्चही धरावा लागेल. ज्यांच्या आईवडलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झालाय त्यांना मात्र फिटमध्ये न अडकवता थेट कोलोनोस्कोपीच करतात, तिथे धोकाच जास्त असल्याने महागडी तपासणीसुद्धा परवडते.