कस्टमला नकार दिला तर: शास्तीची पार्श्वभूमी

कस्टमच्या अधिकाऱ्याने मागितलेला कागद दिला नाही, समन्स येऊनही गेलं नाही, झडतीला आडवं आलं, तर काय होतं? आज याचं उत्तर सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये सापडतं. मूळ मात्र त्याहून जुनं आहे.

१८७८ च्या समुद्री सीमाशुल्क कायद्यातलं कलम १६७ म्हणजे लांबलचक तक्ताच होता. एका रकान्यात गुन्हा, शेजारी त्याची शास्ती, म्हणजे दंड. स्वातंत्र्यानंतर सोन्याची चोरटी आयात डोईजड झाली आणि माल धरण्याइतकंच माणसाला बोलतं करणं गरजेचं ठरलं. १९५५ मध्ये कलम १७१-अ घालून समन्सचा अधिकार दिला गेला.

त्याआधीच एक मोठा प्रश्न निकालात निघाला होता. १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझला उतरलेल्या मकबूल हुसेन यांच्याकडे शंभराहून अधिक तोळे सोनं सापडलं. कस्टमने ते जप्त केलं, वर परकीय चलन कायद्याखाली खटलाही भरला. एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा कशा, हा त्यांचा आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये तो फेटाळला: कस्टमची कारवाई म्हणजे न्यायालयातला खटला नव्हे. शास्ती अधिकारी लावतो, शिक्षा न्यायालय देतं, आणि एकीमुळे दुसरी टळत नाही.

नवा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला. समन्स पाठवून कलम १०८ खाली होणारी चौकशी न्यायिक कार्यवाही (न्यायालयातल्या कामकाजासारखी) मानली जाते, म्हणून तिथे खोटं बोलणं सात वर्षांच्या कैदेपर्यंत नेऊ शकतं. अडथळा आणल्यास कलम १३३ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद. दंडाधिकाऱ्याचा आदेश असताना शरीराचा एक्स-रे काढू न देणं हाही स्वतंत्र गुन्हा. पोटात सोनं लपवणाऱ्यांचा विचार कायद्याने तेव्हाच केला होता. आणि ज्याला वेगळी शास्ती कुठेच सांगितलेली नाही, ते उरलंसुरलं सगळं कलम ११७ मध्ये. तिथली कमाल रक्कम २००८ मध्ये १ लाख आणि २०१९ मध्ये थेट ४ लाख रुपये झाली.

पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. पण कस्टम अधिकारी पोलीस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितलं. त्यामुळे त्याच्यासमोरचा जबाब पुरावा म्हणून चालतो. माझ्या मते दंडाच्या रकमेपेक्षा हीच गोष्ट जास्त जड. फेब्रुवारी २०२५ च्या निकालातही ती कायम राहिली, फक्त अटक करताना कारणं लेखी नोंदवून आरोपीला कळवण्याचं बंधन न्यायालयाने ठासून सांगितलं.