वाचनालयाचे ‘मित्र’ : शनिवारच्या गटाची पार्श्वभूमी

दर शनिवारी साडेचारनंतर पेठेतल्या आमच्या वाचनालयात काही माणसं नाकाला रुमाल बांधून कपाटांपुढे बसलेली दिसतात. ती पगारी नाहीत आणि कमिटीतलीही नाहीत. नवीन सभासद विचारतात, तुम्ही नक्की कोण? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हे लिहायला घेतलंय.

पुण्यातली वाचनालयांची परंपरा, १८४८ ची लोकहितवादींच्या पुढाकाराची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, मग १९११ चं पुणे मराठी ग्रंथालय, हे सगळं इथल्या माणसाला माहीत असतंच, त्यात शिरत नाही. आमचं वाचनालय त्या मानाने फार लहान. जुने सभासद मदतीची गोष्ट सुरू करतात ती पानशेतपासून. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि कपाटांच्या खालच्या दोन रांगा गाळात गेल्या. आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी गच्चीवर दोऱ्या बांधून पुस्तकं वाळत घातली, साध्या कागदाची टिकली, गुळगुळीत कागदाची होती त्यांची पानं चिकटून वीट झाली. गाळाचे डाग असलेली काही पुस्तकं अजून आमच्या संदर्भ विभागात आहेत, ती मी हातात घेतली आहेत. पण त्या वेळी कुणी त्याला गट वगैरे म्हटलं नाही, काम संपलं आणि लोक घरी गेले.

‘गट’ हा शब्द आला तो बराच नंतर, आणि गुंताही तिथूनच सुरू झाला. एक काकू मुलीकडे सहा महिने अमेरिकेत राहून आल्या होत्या, तिथे त्यांनी लायब्ररीच्या मित्रांचा गट पाहिला, दान आलेली पुस्तकं विकून ते लोक लायब्ररीला पैसे मिळवून देतात वगैरे. त्यांनी इथे येऊन सुचवलं की आपणही ‘वाचनालयाचे मित्र’ व्हावं. सगळ्यांना आवडलं. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी मात्र विचारलं, मग आम्ही कोण, शत्रू?

लोक तेव्हा हसले, पण प्रश्न खरा होता. तिकडे लायब्ररी गावाच्या कराच्या पैशावर चालते, माणसं पगारी, म्हणून बाहेरून मदत करणाऱ्यांचा वेगळा गट लागतो. आपल्याकडे ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हटलं की लोकांना सरकारी वाटतं आणि ते तसं नसतं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. मद्रासचा १९४८ चा कायदा घ्या किंवा कर्नाटकचा १९६५ चा, त्यांत ग्रंथालयासाठी वेगळा उपकर, म्हणजे जादा कर, आहे, आपल्या कायद्यात तो ठेवला नाही, सरकारने अनुदान द्यायचं आणि वाचनालय संस्थेनेच चालवायचं असं ठरलं. म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली संस्था, सभासदांनी निवडून दिलेलं कार्यकारी मंडळ, आणि ते मंडळही बिनपगारी. त्यामुळे इथे आधीच एक फुकट काम करणारी मंडळी बसलेली असताना दुसऱ्या फुकट काम करणाऱ्यांना मित्र म्हणायचं म्हणजे पहिल्यांच्या कारभारावर बोट ठेवल्यासारखं झालं. शेवटी कागदावर आम्ही ‘स्वयंसेवक’ आहोत, बोलताना ‘शनिवारवाले’, आणि ‘मित्र’ हा शब्द फक्त दिवाळी अंक योजनेच्या पावतीपुस्तकांवर उरला कारण ती आधीच छापून झाली होती.

सुरुवातीची काही वर्षं कामं साधी होती. फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठा लावणं, वाळवी बघणं, दिवाळी अंकांना जाड कव्हरं घालणं, बाल विभागात सुट्टीत गोष्टी वाचून दाखवणं. मी आलो तो यादीच्या कामाला. जुनी यादी कुणीतरी कॉम्प्युटरवर टाइप केलेली होती पण ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, नवीन मशीनवर उघडली की नुसती खुणांची रांगोळी, त्यामुळे दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यांत लिहितात त्या वह्या, समोर ठेवून एकेक नाव पुन्हा एक्सेलमध्ये मारलं. नोंदवहीत आहे आणि कपाटात नाही अशी पुस्तकं किती असतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. उलटही होतं, कपाटात आहे, शिक्का आहे, पण नोंदच नाही.

आणि याच यादीतून ती निर्लेखनाची भानगड निघाली, जिच्यावरून गट जवळजवळ मोडला.

निर्लेखन म्हणजे खराब, जीर्ण, कुणी न नेणारी पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करणं. पुस्तक एकदा दाखल झालं की ती संस्थेची मालमत्ता, मनात आलं म्हणून रद्दीत देता येत नाही, मंडळाचा ठराव लागतो, ऑडिटला कागद दाखवावा लागतो. आमच्याकडे चार कपाटं अशी होती की हात लावला तर पानांचा भुगा व्हायचा, त्यातच जुनी गाइडं, दोन-दोन तीन-तीन प्रती असलेल्या रहस्यकथा. आम्ही म्हणालो ही काढा, जागा करा, बाल विभाग जिन्याखाली कोंबलाय तो इकडे आणा. मंडळ तयार होईना. आम्हाला वाटलं नुसती जुन्याची माया आहे. खरं कारण वेगळं होतं. अनुदान मिळतं ते दर्जावर, अ ब क ड, आणि दर्जा ठरतो त्यात ग्रंथसंख्या मोजली जाते, सभासद, वर्तमानपत्रं, नियतकालिकं यांच्याबरोबर. वाचता न येणारं पुस्तकही त्या मोजणीत एक पुस्तक असतं. त्यात २०१२ ला महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि नंतर नवीन मान्यता, दर्जावाढ सगळं थांबलं, म्हणजे एकदा खाली घसरलं तर वर यायचा रस्ताच बंद. त्या अनुदानातून ग्रंथपाल आणि शिपाई यांचे तुटपुंजे पगार निघतात. मंडळाची भीती खोटी नव्हती हे मी आज मान्य करतो, तेव्हा केलं नव्हतं.

मधला मार्ग असा निघाला की दान आलेली पण अजून दाखल न केलेली चांगली पुस्तकं आधी नोंदवायची, तेवढी संख्या वाढली की तेवढीच जीर्ण काढायची. कागदावर उत्तम. पण काढायची कुठली ते ठरवताना यादी बाहेर लावलीच नाही. तीन जणांनी एका दुपारी बसून ठरवलं, रद्दीवाला आला, घेऊन गेला. दोन दिवसांनी एक आजोबा त्यांच्या वडिलांनी वाचनालयाला दिलेला चरित्रग्रंथ शोधत आले. तो गेला होता. त्यावर सही होती, देणाऱ्याचं नाव होतं, आणि बांधणी सोडली तर पुस्तक धड होतं. आजोबा काही बोलले नाहीत, वर्गणीची पावती फाडून घेतली आणि गेले, पुढच्या महिन्यापासून यायचे थांबले.

गटातले काही म्हणाले घाण काढायला धाडस लागतं, एखादं पुस्तक जाणारच. मला हे तेव्हाही पटलं नाही. जागा हवीच होती, पण यादी पंधरा दिवस फलकावर लावायला काय लागत होतं, एक कागद आणि चार टाचण्या. त्या वादात गटातले निम्मे लोक गेले आणि त्यातले चांगले बांधणी करणारे दोघं परत आलेच नाहीत.

नंतरचं थोडक्यात. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, राज्यातली ग्रंथालयं उघडायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडला. त्या काळात आणि त्यानंतरही कितीतरी महिने ज्येष्ठ सभासद जिना चढायला घाबरायचे, तेव्हा उरलेल्या शनिवारवाल्यांनी पिशव्या करून स्कूटरवरून घरपोच पुस्तकं दिली, परत आलेली तीन दिवस वेगळ्या टेबलावर ठेवून मग कपाटात. गटाला नवीन पोरंपोरी मिळाली ती या कामामुळे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं आधी फक्त पंखा आणि प्लग पॉइंटपुरती यायची, त्यांतली काही आता बारकोड चिकटवतात. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला त्याचं समाधान आहेच, पण मूळ रक्कमच इतकी कमी की त्यातून पगार धड होणं अवघड, बांधणीला वेगळे पैसे उरत नाहीत.

बाल विभाग जिन्याखालून बाहेर आला, चार कपाटांच्या जागी. निर्लेखनाची यादी आता पंधरा दिवस फलकावर लागते, देणाऱ्याचं नाव असेल तर घरी फोन जातो, त्यांना पुस्तक परत नको असेल तर तसं लिहून घेतात. सध्या नोंदवही आणि कपाट यांचा मेळ घालणं चालू आहे. कादंबऱ्या झाल्या, चरित्रं अर्ध्यावर आहेत. त्या आजोबांचं पुस्तक जुन्या बाजारात दिसलं तर घ्यायचं असं ठरलंय, दोघं जण रविवारी चक्कर मारतात, अजून मिळालेलं नाही.