हुप्प्या पिसाळत नाही

खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या, म्हणजे म्होरक्या नर, शिरला आणि त्यानं पिल्लू मारलं, की ‘पिसाळला’ असा निकाल लागतो. कुणी शनीचा कोप काढतं, कुणी व्हिडिओला ‘कलियुग’ असं नाव देऊन पुढं ढकलतं. शेजारच्या धारवाडच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं हाच प्रकार १९६१ ते १९६३च्या दरम्यान टिपला. पुढं बऱ्याच अभ्यासकांनी दोष गर्दीवर ढकलला: दाटीवाटीनं डोकं फिरतं!

टेक्सासच्या सारा ब्लॅफर हर्डी (जन्म १९४६) हार्वर्ड विद्यापीठातून १९७१ मध्ये राजस्थानातल्या माउंट अबूला वानरांचा अभ्यास करायला आल्या, त्याही हेच गृहीत धरून. अबूला मात्र हल्ल्यांचा मेळ गर्दीशी बसेना. टोळीचा नर बदलला, की पिल्लं जायची.

का, ते शरीरात आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला बरेच दिवस पाळी येत नाही, हे घरोघरी माहीत असतं. पिल्लू ओढून पितं तेव्हा स्तनाग्रातून चेतांमार्फत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला संदेश जातो. तिथला डोपामिनचा लगाम सैल होतो, पीयूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते, दूध चालू राहतं. त्याच वेळी जीएनआरएच या संप्रेरकाचे ठरावीक अंतरानं सुटणारे झोत विरळ होतात. मग बीज सोडायला लावणारं एलएच हे संप्रेरक पुरेसं वाढत नाही, बीज सुटत नाही, मादी माजावर येत नाही. पिल्लू मेलं, की हा अडसर निघतो.

हुप्प्याची सत्ता जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांची. त्यात गर्भारपणाचेच साडेसहा-सात महिने. थांबणाऱ्या नराची पोरं कमी, मारणाऱ्याची जास्त; हिशेब नैसर्गिक निवड करते, हुप्प्याला तो कळण्याची गरज नाही. ‘प्राणी जातीच्या भल्यासाठी वागतात’ हे आवडतं वाक्य इथं पार आडवं होतं. (माणसातल्या सावत्र बापांवर यावरून व्हॉट्सॲपी सिद्धांत रचू नयेत.) नेपाळातल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली: हल्लेखोर नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

मला हर्डीबाईंचं खरं मोठेपण पुढच्या निरीक्षणात दिसतं. तोवर मादी म्हणजे लाजरी, निवडून घेतली जाणारी, असंच सगळे धरून चालत. बाईंनी माद्यांवर नजर ठेवली. टोळीबाहेरच्या नरांकडं त्या आपणहून जात. गाभण असतानाही नव्या नराशी संग करत. नराकडं डीएनए तपासणी कुठली? आपला या मादीशी संग झाला होता की नाही, एवढाच त्याच्याकडं पुरावा. तोच मादी गढूळ करून ठेवते; त्यानं पिल्लू वाचायची शक्यता वाढावी, असा बाईंचा तर्क.